पंतप्रधान थांबायचे तेव्हा

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माणसं दोन गोष्टी ठेवून जातात. एक म्हणजे बिघडलेला सेट, आणि दुसरी त्या सेटवर ऐकलेली बातमी. सेट कधी ना कधी परत नेतात. बातमी मात्र तिथंच राहते. तिला फाटे फुटतात, कुणी मीठ घालतं, कुणी माणसं बदलतं, आणि बघता बघता तिचा किस्सा होतो. बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीला हायवेला लागून माझं दुकान आहे. रेडिओ दुरुस्त करतो, लग्नाकार्याला लाऊडस्पीकर देतो. इतक्या वर्षांत दुकानात जुने स्पीकर आणि किस्से यांचा सारखाच ढीग झाला. स्पीकर भंगारवाल्यानं नेले. किस्से कोण नेणार?

त्यातले काही किस्से पंतप्रधानांचे आहेत. कारगिलच्या लढाईच्या वेळी जे पंतप्रधान होते, त्यांचे. ते आमच्या गावाला कधी आले नाहीत, आमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात घरातल्या थोरल्या माणसाविषयी पाठीमागं बोलावं, तसं आम्ही त्यांच्याविषयी रोज बोलत होतो.

आम्ही म्हणजे हायस्कूलचे जोशी सर, रस्त्यापलीकडचे हॉटेलवाले इस्माईलभाई, जीप चालवणारा शिवराज, मी आणि मल्लण्णा. मल्लण्णा मूळचे ठाणाकुशनूरकडचे. बापजाद्यांनी मेंढरं राखली; मल्लण्णांच्या वाट्याला फक्त घोंगडी आली. ते लोकांच्या रानात मजुरीला जायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा, बिरू, फौजेत होता. त्याची पलटण वर डोंगरात होती, जिथं लढाई पेटली तिथंच.

पंतप्रधानांचं नाव आमच्यात कुणी घेत नव्हतं. इस्माईलभाई त्यांना ‘बडे मियाँ’ म्हणायचे. जोशी सर ‘हे गृहस्थ’. शिवराजचा शब्द दर आठवड्याला बदलायचा आणि तो इथं लिहिण्यासारखा नसायचा. मल्लण्णा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘म्होरक्या’ म्हणाले.

*

पहिला किस्सा लढाईच्या आधीचा आहे. पंतप्रधान बसमध्ये बसून पाकिस्तानात गेले होते, दोस्ती करायला. रेडिओवर दिवसभर तेच चालू होतं.

इस्माईलभाई हातात किटली घेऊन दुकानात आले. म्हणाले, “अपनी हुमनाबाद की बस टैम पे आती नै, और बडे मियाँ बस लेको पाकिस्तान जाको आए कते!”

शिवराज म्हणाला, “असू द्या चाचा. बस टायमावर यायला लागली तर माझ्या जीपमध्ये कोण बसंल?”

जोशी सरांना हे हसणं आवडलं नाही. “हे गृहस्थ शत्रूच्या दारात गेलेच कशाला? आपल्या दारात कोण आलं होतं?”

तेव्हा मल्लण्णा बोलले. ते सहसा शेवटी बोलायचे. “जावं लागतंय सर. दुसऱ्याच्या शिवारातनं मेंढरं न्यायची असली, तर आदी एकट्यानं जाऊन तिथल्या पाटलाचं दार वाजवावं लागतंय. न्हाई तर ते कुत्री सोडतेत.”

“आणि दार वाजवूनही कुत्री सोडली तर?”

मल्लण्णांनी घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मग मेंढरं जातेत,” ते म्हणाले. “पाटील बी वाचतो, आन् दार वाजवणारा बी वाचतो.”

उन्हाळ्यात लढाई लागली. मल्लण्णांना त्या वाक्याची आठवण कुणी करून दिली नाही.

*

आता एका शब्दाविषयी सांगितलं पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मराठीत, हिंदीत, इस्माईलभाईंच्या दखनीत ‘बंद’ म्हणजे बंद. कन्नडात ‘बंद’ म्हणजे ‘तो आला’. कन्नड माणूस शेवटचा द पुरता उच्चारतो, एवढाच काय तो फरक. लांबून हाक मारली की तेवढाही राहत नाही.

मल्लण्णांची बायको नागव्वा चिटगुप्प्याकडच्या खेड्यातली. तिचं सगळं कन्नडात. गावात त्यावर भागायचं, घरी मल्लण्णा कन्नडात बोलायचे, त्यामुळे मराठीची तिला गरजच पडली नाही. लढाईच्या बातम्या यायला लागल्या तसा तिनं माळ्यावरचा जुना रेडिओ काढला, लुगड्याच्या पदरात गुंडाळला आणि माझ्याकडे आणला. मी सेल घातले, बटण फिरवलं. काहीच नाही.

“अक्का, हे तर बंद,” मी म्हणालो.

तिनं रेडिओकडे पाहिलंच नाही. ती वळून रस्त्याकडे बघायला लागली. “यार बंद?” म्हणजे, कोण आला?

सगळे हसले. तीही तोंडाला पदर लावून हसली. रेडिओची तार सुटली होती, ती जोडून दिली.

त्या दिवसापासून आमच्यात ती थट्टाच होऊन बसली. कुणी लांबून येताना दिसला की इस्माईलभाई हॉटेलातूनच ओरडायचे. शाळा सुटल्यावर जोशी सर सायकलवरून दिसले की, “सर बंदऽऽ!”

सर सायकल टेकवत म्हणायचे, “अजून चालू आहे चाचा. बंद पडलो की सांगीन.”

*

पंतप्रधान बोलता बोलता थांबायचे. एक वाक्य बोलले की थांबले. दुसरं वाक्य अर्धं झालं की पुन्हा थांबले. वीज नसली की आमच्याकडे रेडिओच, आणि रेडिओवर समोरचा माणूस दिसत नाही. त्यामुळे ते थांबले की आत काहीच नसल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या खेड्यातला एक म्हातारा चिडून दुकानात आला. रेडिओ टेबलावर आपटला.

“मिस्त्री, तुम्ही नीट केलतं न्हवं हे? गाणी लागली की बरं चालतंय. प्रधानाचं भाषण लागलं की मधी मधी बंद पडायलंय.”

मी म्हणालो, “बाबा, रेडिओ ठीक आहे. ते तसंच बोलतात. थांबून थांबून.”

“लढाई चालू हाय, आन् कामून थांबायलेत?”

याला आमच्यात प्रत्येकाकडे वेगळं उत्तर होतं. शिवराज म्हणाला, “विसरायलेत.” जोशी सर म्हणाले, “शब्द निवडायलेत. शब्द निवडून लढाई जिंकता येते असं या गृहस्थांना वाटतंय.” इस्माईलभाई म्हणाले, “नै नै. चुप हुए तो लोगाँ कान देते. मैं बी उधारी माँगते वखत ऐसाइच करतूँ.”

मल्लण्णा म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. “बाबा, तुम्ही कळपाचा म्होरक्या बघितलाव का? म्होरं चालणारा बोकड? ते चालता चालता मधीच थांबतंय. नाक वर करून वारं हुंगतंय. मागनं सगळा कळप खोळंबतोय. पण राखणारा त्याला काठी मारत न्हाई. म्होरं लांडगा हाय का, ते बघायलंय म्हणतो.”

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. रेडिओ काखेत मारला.

“बरं,” तो म्हणाला. “लांडगा सापडला की दुरुस्त होतंय म्हणा.”

*

जूनमध्ये गावात सगळ्यांचं एकाच गोष्टीवर वाजत होतं. फौजेनं हद्द ओलांडायची नाही, असं पंतप्रधानांनी ठरवलं होतं. खालून वर चढायचं, वरून गोळ्या येणार, आणि पलीकडं पाऊल टाकायचं नाही.

जोशी सर पेटले होते. तसे ते मवाळ माणूस, वर्गात छडीसुद्धा न उचलणारे. पण त्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेलाच असायचा. “घरात चोर शिरलाय आणि हे गृहस्थ म्हणतात उंबऱ्याबाहेर जाऊन मारू नका! पोरं काय मरायला पाठवलीत?”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मल्लण्णा कोपऱ्यात बसलेत.

शिवराजनं सांभाळून घ्यायला म्हणून विचारलं, पण ते आणखीच वाईट झालं. “अण्णा, तुमचा बिरू तिथं हाय. तुम्ही सांगा. ओलांडावं का न्हाई?”

मल्लण्णा तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

“न्हाई ओलांडायचं म्हणाले ते बरं झालं,” ते म्हणाले.

“कामून?”

“बांधाच्या अलीकडं मेलेलं जनावर सापडतंय, शिवराज. बांध ओलांडून मेलेलं सापडत न्हाई.”

त्या दिवशी इस्माईलभाईंचा चहा कुणी प्यायला नाही. सर उठून गेले. पंतप्रधानांविषयी ते पुढंही वाईटच बोलत राहिले, पण मल्लण्णा असताना नाही.

*

हा किस्सा जोशी सरांचा आहे, आणि तो त्यांनी मला कधी सांगितला नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडला.

पंतप्रधानांचं भाषण असलं की नागव्वा दुकानात यायची. घरी रेडिओ होता, पण हिंदी कळत नव्हतं. मल्लण्णांना बिदर बाजारापुरती दखनी यायची. भाषणातली हिंदी त्यांच्याही डोक्यावरून जायची. म्हणून ते दोघं दाराशी बसायचे, आणि सर तिला कन्नडात सांगायचे. पंतप्रधान थांबले की सर बोलायचे. ते बोलायला लागले की सर थांबायचे. पंतप्रधानांचं थांबणं त्या बाईच्या सोयीसाठीच असावं, असं वाटायचं.

माझं कन्नड बरं आहे. पहिल्या भाषणाला मी सोल्डरिंग करत होतो, लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी लक्ष गेलं. रेडिओवर पंतप्रधान देशाविषयी काहीतरी बोलत होते. थांबले. सर खाली वाकून नागव्वाला म्हणाले, “वरच्या पोरांना गरम कपडे पोचलेत म्हणतात.”

मी मान वर केली. पंतप्रधान पुन्हा बोलले, शेजारच्या देशाविषयी. थांबले.

सर म्हणाले, “पोरांचं जेवण स्वतः बघतात म्हणे.”

पुन्हा बोलणं. पुन्हा थांबणं.

“बर्तान,” सर म्हणाले. “येईल म्हणतात. सगळी पोरं परत येतील.”

नागव्वा मान हलवत होती. भाषण संपलं तेव्हा ती मल्लण्णांना कन्नडात म्हणाली, “एवढा मोठा माणूस, पण दर खेपेला आपल्या पोराचं पुसतोय बघा.”

ती गेल्यावर मी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते.

“काय मिस्त्री?”

“काही नाही सर. बडे मियाँ आज चांगलं बोलले.”

“हं,” सर म्हणाले. “भाषणापुरते ठीक आहेत. निर्णय काही घेता येत नाही या गृहस्थांना.”

त्या सबंध उन्हाळ्यात गावात पंतप्रधानांवर सगळ्यात जास्त टीका करणारा माणूस आणि त्यांच्या तोंडी सगळ्यात चांगली वाक्यं घालणारा माणूस, एकच होता. भाषण कुठलंही असो, शेवटी ‘बर्तान’ यायचंच.

*

सरकार तेव्हा पडलेलं होतं. लढाई संपली की निवडणूक व्हायची होती. त्यामुळे भिंतींवर पंतप्रधानांचे फोटो आधीपासूनच लागत होते. मल्लण्णांनी पंक्चरवाल्याच्या भिंतीवरचा एक सुटत आलेला फोटो जपून काढून घरी नेला.

इस्माईलभाई आणि मी एकदा त्यांच्या घरी गेलो. नागव्वाचा रेडिओ खरखरत होता, तो बघायला. देवळीत बिरोबा. शेजारी पंतप्रधान, कपाळाला भंडारा लावलेला. पिवळ्या भंडाऱ्यानं त्यांची एक भुवई झाकली होती. त्यांच्या शेजारी बिरूचा वर्दीतला फोटो, ट्रेनिंग संपल्यावर काढलेला. त्यालाही भंडारा. आणि दोन्ही फोटोंना झेंडूचे हार.

इस्माईलभाई दारातच थबकले. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

“मल्लण्णा,” ते हळू आवाजात म्हणाले, “जीते आदमी के फोटू कू हार नै डालते रे.”

“व्हय?” मल्लण्णा म्हणाले. “आमच्यात फोटू कुठं व्हते, चाचा? कळंना.” त्यांनी नागव्वाला कन्नडात सांगितलं. ती पंतप्रधानांकडे गेली, हात जोडले, हार काढला. अपराध झाल्यासारखं दोनदा कपाळ टेकलं.

मग तिनं पाटावर हार ठेवला आणि बाहेर चहा करायला गेली. बिरूच्या फोटोवरचा हार तसाच होता. मल्लण्णा बायकोच्या पाठीकडे बघत होते. ती चुलीशी बसली हे पाहिल्यावर त्यांनी तो स्वतः काढला आणि घोंगडीखाली घेतला.

इस्माईलभाई रेडिओकडे बघत राहिले. मीही रेडिओकडेच बघत राहिलो. त्यावर तेव्हा गाणी लागली होती.

*

जुलैच्या शेवटी लढाई थांबली. शेवटच्या चौक्याही परत मिळाल्या, असं रेडिओवर सांगितलं. बातमी आधी इस्माईलभाईंनी ऐकली. नागव्वा रस्त्याच्या या बाजूला, माझ्या दुकानाशेजारच्या नळावर घागर भरत होती.

इस्माईलभाई हॉटेलच्या पायरीवर आले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “अक्का! लडाई बंदऽऽ!”

मधून सोलापूरकडे जाणारा एक ट्रक गेला. पहिले दोन शब्द ट्रकखाली गेले. तिला ऐकू आला तो शेवटचा.

घागर नळाखालीच राहिली. ती बसस्टँडकडे धावत सुटली. चप्पल रस्त्यात. “यल्ली? यल्ली?” कुठाय? कुठाय? हुमनाबादची बस उभी होती. ती या दारानं चढली, त्या दारानं उतरली. टपावर सामान टाकणाऱ्याला विचारलं. मग समोर येऊन ड्रायव्हरच्या काचेतून आत बघत राहिली.

माझ्या दुकानात बसलेले जोशी सर धावत तिच्यामागं गेले होते. मी सरांच्या मागं. सरांनी तिला धरून बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. बिरू आलेला नाही. लढाई थांबली. ‘बंद’ म्हणजे थांबली. चाचा दखनीत बोलले.

तिला धाप लागली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सरांना म्हणाली, “लढाई थांबली म्हंजी पोरगा येणार. न्हवं?”

“हो.”

“मग तुमचा बंद आन् आमचा बंद एकच की, मास्तर.”

सरांनी रस्त्यातली तिची चप्पल आणून पायाशी ठेवली. नागव्वा तिथंच बाकावर बसून राहिली. घागर मी नेऊन दिली.

संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांना जिलेबी होती. शिवराज म्हणाला, “निवडणूक आता एकतर्फी. म्होरक्यानं करून दाखवलं.” जोशी सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा ‘आपले पंतप्रधान’ असा शब्द वापरला. म्हणाले, “हद्द ओलांडली नाही ते बरोबरच होतं, असं आता वाटतंय.” सरांचं हे वाक्य ऐकायला गाव जमायला पाहिजे होतं.

इस्माईलभाईंनी मल्लण्णांच्या हातात जिलेबीचा कागद ठेवला. “क्यूँ मल्लण्णा, तेरा म्होरक्या कळप कू पार लगाया की नै?”

“लावला की,” मल्लण्णा म्हणाले. जिलेबी कागदातच होती. “नदी उतरल्यावर मेंढरं मोजतेत चाचा. मोजल्यावर बोलू.”

त्या दिवसानंतर इस्माईलभाईंनी कुणाला पाहून ‘बंदऽऽ’ अशी हाक मारली नाही. सर सायकलवरून आले तरी ते नुसता हात वर करायचे.

*

बिरू लढाईत गेला नाही. लढाईनंतर गेला. डोंगरात पेरून ठेवलेले सुरुंग काढत होते, त्यात एक राहिला होता.

ज्या दिवशी त्याला आणणार होते त्या दिवशी सकाळी शिवराज मल्लण्णांकडे गेला. दुकानं बंद ठेवायची का, म्हणून विचारायला. मल्लण्णा म्हणाले, “नगं. लांबनं माणसं येत्याल. त्येंना चहापाणी लागंल.” त्यामुळे हायवेवरची दुकानं उघडी होती. लाऊडस्पीकर माझाच होता. गर्दी फार होईल म्हणून मी भोंगे रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत बांधले होते, एक पार हुमनाबादच्या बाजूला, एक जहीराबादच्या.

फौजेची गाडी आली. तिरंग्यातली पेटी शाळेच्या मैदानात, टेबलावर ठेवली. मल्लण्णा पेटीच्या पायाशी बसले, घोंगडी पांघरून. पावसाळ्याचे दिवस, पण ऊन होतं. नागव्वा उभीच होती. तिनं अजून पेटीला हात लावला नव्हता. सगळे तिच्या रडण्याची वाट बघत होते आणि ती रडत नव्हती. बायका तिला हलवत होत्या.

फौजेचा अधिकारी तरुण होता. उत्तरेकडचा. त्यानं माइक हातात घेतला आणि हिंदीत बोलायला सुरुवात केली. पंतप्रधानांच्या वतीनं बोलतो आहे, असं म्हणाला. ‘प्रधानमंत्री’ हा शब्द आल्याबरोबर नागव्वानं मान वर केली आणि गर्दीत जोशी सरांना शोधलं.

सर पुढं आले. येणं भागच होतं. अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की हे सांगणार आहेत, म्हणून तो एकेक वाक्य बोलून थांबायला लागला. बोलला. थांबला. हुबेहूब तसंच.

पहिल्यांदा तो थांबला तेव्हा सर काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. अधिकारी त्यांच्याकडे बघत होता. त्यानं माइक पेटीवर, सरांच्या समोर ठेवला आणि मागं सरकला.

“प्रधानी एन अंद्रु, मास्तर?” नागव्वानं विचारलं. प्रधान काय म्हणाले?

सरांनी तोंड उघडलं. इतके महिने पंतप्रधान थांबले की सरांकडे वाक्य तयार असायचं. आता भोंग्यांमधून नुसती घरघर येत होती, रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत. मल्लण्णांनीही मान वर करून सरांकडे पाहिलं. इस्माईलभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

नागव्वानं सरांच्या दंडावर हात ठेवला, लहान मुलाला राहू दे म्हणावं तसा. मग ती पेटीकडे वळली. वाकली. दोन्ही तळवे झेंड्यावर ठेवले. माइक तिच्या तोंडाशी आला.

“बंद,” ती म्हणाली.

भोंग्यांनी तो शब्द रस्त्याच्या दोन्ही टोकांना नेला. मग लांब, हुमनाबादच्या बाजूला, एका दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग त्याच्या शेजारचं. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून, एकेक करत, सगळी शटर खाली यायला लागली.